परसातल्या अनोळखी झुडपाची फळं : या चुका टाळा

जुनं घर घेतलं की झाडं फुकटात मिळतात, त्यांची नावं मिळत नाहीत. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कंपाउंडला लागून असंच एक डोक्याएवढ्या उंचीचं झुडूप होतं, केशरी मण्यांचे घोस लोंबणारं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बुलबुल रोज खातंय की! जाम करा." मी वाटीभर फळं तोडलीही होती.

ते निघालं ड्युरांटा. कुंपणाला लावून कातरतात तेच. कात्री थांबली की उंच होतं, निळी-जांभळी फुलं येतात, मग हे मणी. माणसाला ते विषारी, कुत्र्या-मांजरांनाही बाधतात. पक्ष्याला पचलं म्हणून आपल्याला पचेल, हा हिशेबच चुकीचा. आणि शिजवलं की विष जातं, यावरही विसंबू नका.

दुसरी चूक, एकाच खुणेवर निकाल देणं. "चीक निघाला की विषारी" म्हणतात. मग करवंदाचं काय? देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि तरी आपण द्रोणभर खातो. काटेही फसवतात, कारण ड्युरांटालाही ते असू शकतात. करवंदाचा काटा बहुधा जोडीनं येतो, टोकाला कधी दुभंगलेला. पानं जाड, समोरासमोर. फूल पांढरं, सुवासिक. ड्युरांटाचं फळ जवळून बघा : टोकाला छोटी चोच दिसेल. मोबाइल ॲपला नुसत्या फळाचा फोटो देऊ नका, पान, फूल, काटा सगळं दाखवा. तरी त्याचं उत्तर अंदाजच समजा. शंका उरली तर फुलासकट फांदी घेऊन जाणकाराकडे जा. शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभाग आहेच.

"जरा चाखून बघू" तर नकोच. कुणी खाल्लंच तर लगेच दवाखाना, आणि फांदी बरोबर न्या.

झुडूप खात्रीनं करवंदाचं निघालं तर मजा आहे, पण तिथंही चुका होतात. कच्ची करवंदं चिरताना हाताला नि सुरीला आधी तेल लावा, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. जेली जमली नाही? बहुतेक सगळी काळीभोर पिकलेलीच घेतली असणार. जेली घट्ट करणारं पेक्टिन अर्धकच्च्या, लालसर फळांत जास्त, ती थोडी मिसळा. चिवट झाली असेल तर जास्त आटली. पुढच्या वेळी थेंब गार बशीवर टाकून बघा, बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, आंबटाची त्याच्याशी क्रिया होते.