दूध तोडल्यावर डुकरीण वेळेत माजावर आणायची तर

पिल्लांचे दूध तोडले की चौथ्या ते सातव्या दिवसात मादी माजावर यायला हवी. आठवडा उलटूनही माज दिसत नसेल, तर इंजेक्शन शोधण्याआधी पाजत्या काळातला खुराक तपासा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

आधी हिशेब. गाभण ११४ दिवस, पाजणे २८ आणि भाकड (दूध तोडल्यापासून पुन्हा गाभण होईपर्यंत) ६, म्हणजे १४८ दिवसांचे एक चक्र, वर्षाला जवळपास अडीच वेत. पिल्ले दोन महिने अंगावर ठेवली की चक्र १८० दिवसांवर जाते आणि वर्षाला जेमतेम दोन वेत पदरात पडतात. माज चुकला तर पुढचा २१ दिवसांनी, तेवढ्या दिवसांचा खुराक फुकट.

दूध २८ ते ३५ दिवसांनी तोडावे. व्यायल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्याआधी तोडल्यास माज लांबतो आणि पुढच्या वेतात पिल्ले कमी पडतात. उबदार कप्पा आणि चांगला पिल्लाहार असेल तर २८ दिवस पुरतात, नाहीतर ३५ धरा. पिल्लाहार सातव्या ते दहाव्या दिवसापासून थोडा थोडा, रोज ताजा टाकावा.

पिल्ले चोखत असतात तोवर अंडाशयाला चालना देणारा मेंदूतला संकेत दबलेला राहतो. चोखणे थांबले की तो उठतो आणि बीजकोश वाढू लागतात. म्हणून सगळी पिल्ले एकदम तोडायची. ‘दोन-तीन अशक्त आहेत, राहू द्या आईपाशी’ हा उदारपणा महागात पडतो. चोखणे सुरूच राहते आणि माज कधी येईल याचा नेम राहत नाही. अशक्त पिल्ले दुसऱ्या पाजत्या मादीखाली लावा.

आता खुराक. पाजत्या मादीला रोज २ किलो अधिक दर पिल्लामागे अर्धा किलो, म्हणजे दहा पिल्लांच्या आईला ७ किलो. व्यायल्यावर आठवडाभरात हळूहळू या मापावर न्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. पाणी रोज २५ ते ३५ लिटर लागते. पाण्याच्या निपलखाली भांडे धरून पाहा, मिनिटाला दीड-दोन लिटर येत नसेल तर मादी खाणेही कमी करते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ती तोंड लावत नाही. तेव्हा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या, मानेवर थेंब थेंब पाणी सोडा. सगळी जमीन ओली करू नका, पिल्ले गारठून हगवण लागते.

हॉटेलच्या उरलेल्या अन्नावर फार्म चालत असेल तर जास्त जपावे. त्यात पाणीच फार, पोट भरते पण अंग उतरते. जोडीला कोरडा खुराक हवाच. ते अन्न ढवळत अर्धा तास उकळल्याशिवाय देऊ नका, आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू त्यातून येऊ शकतो.

तोडण्याच्या दिवशी मादीची कंबर आणि पाठीचा कणा बोटांनी दाबून पाहा. हाड दाबल्यावर लागावे, नुसत्या नजरेला दिसू नये. पहिलारू मादी स्वतः वाढत असते आणि खातेही कमी, त्यामुळे सर्वांत जास्त तीच खंगते. तिची हाडे दिसत असतील तर पहिला माज सोडून पुढच्या माजाला फळवावी (नराकडून किंवा रेतनाने गाभण करावी).

दूध आटावे म्हणून मादीला उपाशी ठेवण्याची पद्धत सोडून द्या. सडातल्या दाबानेच दूध आटते. उलट फळेपर्यंत रोज ३ ते ३.५ किलो द्यावे. पिल्ले जागेवरच ठेवून मादी हलवा. माद्या एकत्र करायच्या तर त्याच दिवशी. फळल्यानंतर पहिले चार आठवडे जागा बदलणे, मारामारी नको, कारण गर्भ याच काळात रुजतात.

दूध तोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दहा महिन्यांवरचा नर दिवसातून दोनदा, १०-१५ मिनिटे, तोंडासमोर आणावा. तो कायम शेजारी बांधला तर मादीला त्याची सवय होते आणि परिणाम बोथटतो. नर समोर असतानाच पाठीवर हातांनी भार द्या. मादी कान टवकारून खांबासारखी उभी राहिली तर माज पक्का. नुसती निरण (योनीचा बाहेरचा भाग) लाल दिसली म्हणून फळवू नका, ते एक-दोन दिवस आधीचे लक्षण आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी माजावर आलेल्या मादीचा माज लांब टिकतो. तिला उभी राहिल्यापासून १२ ते २४ तासांनी कृत्रिम रेतन करावे. सहाव्या-सातव्या दिवशी आलेलीचा आखूड असतो, तिला लगेच. दोघींनाही १२ तासांनी पुन्हा एकदा. ताजे रेत १७ अंशांना ठेवतात, घरच्या फ्रिजमध्ये ते मरते. बाटली पिळू नये, तीन ते पाच मिनिटांत रेत आपोआप आत जाऊ द्यावे.

फळल्यावर खुराक २ ते २.५ किलोवर आणा. खंगलेलीचा मात्र फार कमी करू नका. अठराव्या ते चोविसाव्या दिवशी नर पुन्हा समोर आणा. २१ दिवसांच्या आसपास उलटली (पुन्हा माजावर आली) तर रेतनाची वेळ किंवा रेत चुकले. २५ दिवसांनंतर उलटली तर गर्भ रुजून नंतर नष्ट झाला असण्याची शक्यता मोठी. असे अनेक माद्यांत दिसले तर पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. निरण सुजते पण मादी उभी राहत नाही, लहान माद्यांतही तीच सूज दिसते, अशा वेळी पावसाळ्यात बुरसलेला मका संशयित धरावा. त्यातले बुरशीचे विष खोटा माज दाखवते. ते पोते वाळवून वापरण्याजोगे होत नाही, टाकूनच द्यावे लागते.