व्हॉट्सॲपवरची आपली माहिती सांभाळायची कशी?

'उद्यापासून नवे नियम, तीन टिक आल्या तर सरकारने मेसेज वाचला' हा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. तो खोटा आहे, खुशाल डिलीट करा. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवरच्या खासगी गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. वाटेत कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता हे मात्र कंपनीला कळू शकतं. आणि माहिती फुटते ती बहुतेकदा मेसेजच्या आजूबाजूने. ती भोकं बुजवायला अर्धा तास पुरतो. घरातल्या ज्येष्ठांचा फोनही सोबत घेऊन बसा.

आधी 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा

अँड्रॉइडवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत, आयफोनवर सेटिंग्जमध्ये हा पर्याय सापडेल. एका खात्याला फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. यादीत 'गूगल क्रोम, विंडोज' असं काही दिसलं आणि घरात तसा कॉम्प्युटरच नसेल, तर त्या नावावर बोट ठेवून लगेच लॉग आउट करा. ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर उघडून तसंच सोडलेलं व्हॉट्सॲप वेब इथेच सापडतं.

हे पहिलं काम का, तर हल्लीची एक फसवणूक नेमकी इथूनच होते. ओळखीच्याच नंबरवरून 'यात तुझा फोटो आहे बघ' अशी लिंक येते. ती उघडली की पान तुमचा मोबाइल नंबर विचारतं आणि आठ अक्षरांचा कोड देऊन तो व्हॉट्सॲपमध्ये टाका म्हणतं. टाकलात की समोरच्याचा ब्राउझर तुमच्या खात्याला जोडला गेला. पासवर्ड चोरावा लागत नाही, तुमचं व्हॉट्सॲप बंदही पडत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना पत्ताच लागत नाही.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन

सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख नको. ईमेलही जोडा, पिन विसरलात तर तोच कामाला येतो. हा पिन नसेल आणि कुणी ओटीपी काढून घेऊन खातं पळवलं, तर तो स्वतःचा पिन लावून बसतो; मग तो पिन माहीत नसल्याने खातं पूर्ण हातात यायला सात दिवस थांबावं लागू शकतं. तेवढ्या दिवसांत 'अर्जंट पैसे हवेत' असे मेसेज तुमच्या मावशीला आणि साडूला जाऊ शकतात.

कुणी 'पार्सल अडकलंय, 21 किंवा 401 पासून सुरू होणारा हा नंबर डायल करा' म्हणालं तर फोन ठेवून द्या. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि कॉलवर येणारा ओटीपी चोराच्या कानात पडतो. आधीच डायल केला असेल तर ##002# दाबा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

बॅकअपला कुलूप लावा

गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा चॅट बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होत नाही. ही सोय ऑक्टोबर 2021 पासून आहे, पण चालू आपल्यालाच करावी लागते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही, म्हणून घरच्या वहीत लिहून ठेवा. घरातली वही परदेशातल्या चोराच्या हाती लागत नाही.

प्रायव्हसीमधली बाकीची कामं दोन मिनिटांची. ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. शेअर बाजाराच्या टिप्सचे ग्रुप बरेच कमी होतील. डीपी कोण बघू शकतं तेही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट करा. मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा. लग्नसराईत 'लग्नपत्रिका.एपीके' किंवा 'आरटीओ चलान.एपीके' नावाची फाइल आली तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो म्हणून येते. एपीके उघडू नका, ज्याच्या नंबरवरून आली त्याला फोन करून सांगा.

झेरॉक्सच्या दुकानातलं आधार

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. प्रिंट हवी म्हणून आपण आधार, पॅन, पासबुक दुकानाच्या नंबरवर पाठवतो. दुकानदार ते कॉम्प्युटरवर उतरवतो, प्रिंट देतो, आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये गावभराची आधार कार्डं पडून राहतात. पाठवलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतो, पण उतरवलेली फाइल त्याने जात नाही. चालण्यासारखं असेल तिथे आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून तेच द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि प्रिंट हातात आल्यावर फाइल समोर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनसकट. संकोच कसला?

कंपन्यांशी आणि मेटा एआयशी बोलताना

बँक, विमा कंपनी किंवा दुकानाच्या बिझनेस खात्यावर लिहिलेलं त्यांचे कर्मचारी वाचतात, कधी त्यांनी नेमलेली तिसरी कंपनीही. तशी सूचना चॅटच्या सुरुवातीला असते, ती वाचा. मेटा एआय हा व्हॉट्सॲपमधला एआय मदतनीस; त्याला विचारलेला प्रश्न उत्तरासाठी व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडे, मेटाकडेच जातो, तेव्हा तिथे वैद्यकीय रिपोर्ट आणि खाते क्रमांक टाकू नका. घरच्या ग्रुपवर 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू केलीत तर चॅट एक्स्पोर्ट करणं, फोटो आपोआप सेव्ह होणं आणि तिथे मेटा एआयला बोलावणं बंद होतं.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी धोरणाच्या बाबतीत आपल्या हातात फारसं काही नाही, हे कबूल केलेलं बरं. ऑगस्ट 2016 च्या बदलात जुन्या ग्राहकांना जाहिरातींसाठी फेसबुकला माहिती देण्यास नकार द्यायला 30 दिवस होते. 2021 च्या धोरणात तोही मार्ग नव्हता. सगळे नातेवाईक, शाळा आणि सोसायटी तिथेच असताना 'पटत नसेल तर सोडा' याला पर्याय म्हणत नाहीत. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये याच मुद्द्यावर मेटाला 213.14 कोटी रुपये दंड केला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली. कंपनीकडे आपली काय नोंद आहे हे पाहायचं असेल तर अकाउंटमधून 'रिक्वेस्ट अकाउंट इन्फो' करा, अहवाल साधारण तीन दिवसांत मिळतो.

तक्रार कुठे करायची

पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सॲपवरच्या विक्रेत्याने माल दिला नाही किंवा भलताच दिला, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. खात्याविषयीची तक्रार व्हॉट्सॲपच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. नियमाप्रमाणे साधारणपणे 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत निकाल मिळायला हवा. निर्णय पटला नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. नकोशा जाहिरातींसाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या 1909 चा इथे उपयोग नाही, त्यावरची डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब') नोंदणी कॉल आणि एसएमएसपुरतीच आहे. व्हॉट्सॲपवर 'रिपोर्ट' आणि 'ब्लॉक' हेच करायचं.

रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. समोरच्याने डिसअपिअरिंग मेसेज चालू केले असतील तर पुरावा आपोआपही जातो, म्हणून नंबर, तारीख आणि पैसे पाठवल्याचा यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढा.