घरच्या घरी परफ्यूम: सुरुवात तळाच्या गंधापासून

घरी परफ्यूम करायला बसणारा माणूस बहुतेक वेळा आधी लिंबाच्या किंवा संत्र्याच्या तेलाची बाटली उघडतो, कारण तो वास पहिल्याच हुंगण्यात आवडतो. मीही तेच केले होते. माझ्या पहिल्या मिश्रणात निम्म्याहून अधिक थेंब लिंबूवर्गीय तेलांचे होते आणि मनगटावर लावल्यानंतर तासाभरात त्याचा मागमूसही उरला नाही. त्यात दोष तेलाचा नव्हता. या तेलांतील मुख्य घटक लिमोनीन हा मुळातच चटकन उडून जाणारा असतो आणि त्याला धरून ठेवील असे जड काही मी मिश्रणात घातलेच नव्हते. म्हणून येथे सांगितलेली कृती तळापासून वर जाते.

परफ्यूमच्या गंधाचे तीन थर मानले जातात. संत्रे, लिंबू, बर्गमोट यांचा वरचा गंध आधी जाणवतो आणि आधी विरतो. लव्हेंडर, जिरेनियम, गुलाब, यलांग-यलांग यांचा मधला गंध काही तास टिकतो. चंदन, वाळा, देवदार, पाच (म्हणजे पॅचौली ही सुगंधी वनस्पती), लोबान यांचा तळाचा गंध सर्वांत सावकाश उडतो. कागदावर घेतलेला वाळ्याचा थेंब दुसऱ्या दिवशीही सहज ओळखता येतो. हे थर काटेकोर नसतात, पण मिश्रणाची आखणी करताना त्यांचा फार उपयोग होतो.

खरेदी करताना बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि तेल काढण्याची पद्धत लिहिलेली आहे का, हे पाहावे. फ्रेग्रन्स ऑइल म्हणून विकले जाणारे द्रव्य बहुधा कृत्रिम असते. स्ट्रॉबेरी किंवा सफरचंद यांचे इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून थेट काढलेले सुगंधी तेल, निघतच नाही, त्यामुळे तसे लेबल दिसले की काय समजायचे ते समजावे. जाईजुईसारखी नाजूक फुले ऊर्ध्वपातनाची उष्णता सोसत नाहीत. त्यांचा अर्क विद्रावक वापरून काढतात आणि त्याला ॲब्सोल्यूट म्हणतात. तो महाग असतो, त्यामुळे शिकताना त्याच्या वाटेला न जाणे बरे. पाच तेले सुरुवातीला पुरेशी आहेत: देवदार, वाळा, लव्हेंडर, जिरेनियम आणि गोड संत्रे.

बाटलीत काही ओतण्यापूर्वी मिश्रण कागदावर जुळवावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरे काम तर येथेच होते. वास नसलेल्या जाड कागदाच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर एकेका तेलाचे नाव लिहावे आणि तिचे टोक त्या तेलात किंचित बुडवावे. मग दोन-तीन पट्ट्या पंख्यासारख्या एकत्र धरून नाकाखालून हलवाव्यात. एखादा वास वरचढ वाटला तर ती पट्टी थोडी मागे सरकवावी. जी पट्टी फार मागे न्यावी लागते, त्या तेलाचे थेंब कमी घ्यायचे, हा साधा हिशेब. वाळ्याची पट्टी जवळजवळ नेहमीच मागे जाते. हाच वास वीस मिनिटांनी, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा, कारण तोपर्यंत वरचा थर उडालेला असतो आणि अंगावर उरणारा गंध कसा असेल हे कळते. मध्येच नाक थकून वास येईनासा झाला, तर स्वतःच्या कोपराच्या खळगीचा वास घ्यावा किंवा मोकळ्या हवेत थोडे फिरून यावे.

आता १० मिलीलिटरच्या रोल-ऑन बाटलीचे प्रमाण पाहू. रिकाम्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत आधी देवदाराचे ५ थेंब आणि वाळ्याचा १ थेंब घालावा. वाळ्याचे तेल दाट असते. थेंब पडत नसेल तर झाकण घट्ट लावलेली तेलाची बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात उभी ठेवावी. त्यानंतर लव्हेंडरचे ४ आणि जिरेनियमचे ३ थेंब घालून बाटली हातात फिरवावी आणि वास घ्यावा. शेवटी गोड संत्र्याचे ७ थेंब घालावेत. हे एकूण २० थेंब, म्हणजे साधारण १ मिलीलिटर, होतात. झाकण लावून हे नुसते मिश्रण दोन-तीन दिवस अंधारात ठेवावे आणि मग उरलेली बाटली जोजोबा तेलाने भरावी. सुगंधी द्रव्याचे प्रमाण सुमारे १० टक्के येते. जोजोबा म्हणजे रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेण असल्यामुळे ते सहसा खवट होत नाही, तर बदामाचे तेल त्या मानाने लवकर खवट होते. ड्रॉपरनुसार थेंबाचा आकार बदलतो, म्हणून तेच मिश्रण पुन्हा हुबेहूब करायचे असेल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून नोंद ठेवणे उत्तम.

फवाऱ्याचे परफ्यूम हवे असेल तर जोजोबाऐवजी परफ्यूमसाठीच विकले जाणारे ९५ टक्क्यांचे इथेनॉल वापरावे. व्होडकाने काम भागते असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण तिच्यात साधारण ६० टक्के पाणी असते. तेले त्यात नीट विरघळत नाहीत आणि मिश्रण गढूळ होते. मिथेनॉल विषारी असल्याने ते कधीही वापरू नये, आणि जखमा पुसण्याचे स्पिरिटही या कामाचे नाही. इथेनॉल सहज पेट घेते, म्हणून हे काम गॅसपासून किंवा कोणत्याही ज्योतीपासून दूर करावे. अल्कोहोलमधील मिश्रणाला मुरायला निदान तीन-चार आठवडे द्यावेत. पहिल्या दिवशी अल्कोहोलचा जो उग्रपणा नाकाला झोंबतो, तो या काळात बराच निवळतो. मुरल्यावर गाळ दिसल्यास कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून घ्यावे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत या कामात महागात पडू शकते. थंड दाबाने काढलेल्या बर्गमोट तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. ते लावलेल्या त्वचेवर ऊन पडले तर ती भाजल्यासारखी होऊन काळे डाग उठू शकतात. सुगंध उद्योगाच्या ‘इफ्रा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत या तेलाची मर्यादा ०.४ टक्के ठेवली आहे, म्हणजे आपल्या १० मिलीलिटरच्या बाटलीत त्याचा एक थेंबसुद्धा जास्तच ठरतो. बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गमोट मिळते, ते घ्यावे. गोड संत्र्याच्या तेलाला ही अडचण नाही, आणि वरच्या कृतीत ते निवडण्याचे एक कारण हेच आहे. दालचिनीच्या सालीचे आणि लवंगेचे तेल त्वचेला दाहक असते. नवख्याने ते परफ्यूममध्ये घालूच नये. तयार मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून ४८ तास वाट पाहावी आणि खाज किंवा लाली आली तर वापरू नये. गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तेले वापरू नयेत आणि लहान मुलांना ती लावू नयेत. मांजरांच्या यकृताला या तेलांतील अनेक घटकांचा निचरा नीट करता येत नाही, म्हणून घरात मांजर असेल तर बाटल्या बंद कपाटात ठेवाव्यात.

तयार परफ्यूम गडद रंगाच्या काचेत आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. हवा लागून लिमोनीनचे ऑक्सिडीकरण झाले की वास तर बिघडतोच, शिवाय त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे संत्र्याच्या तेलाची उघडलेली बाटली वर्षभरात संपवावी. वाळा आणि पाच यांचे मात्र उलट असते. ही तेले जुनी होताना अधिक गोलाई धरतात. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि थेंबांचे प्रमाण लिहावे. मुरल्यावर देवदार जास्त वाटला, तर त्याच बाटलीत संत्र्याचे थेंब वाढवत बसू नये, कारण ते उडून गेल्यावर देवदार पुन्हा तेवढाच पुढे येणार असतो. पुढच्या बाटलीत देवदाराचा एक थेंब कमी करून पाहावे.