येरेवानहून गार्नी-गेघार्द, खोर विराप, नोरावांक: एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

सहल बिघडते ती बहुतेक वेळा बुकिंग करतानाच. दुबई-शारजाहून सुट्टी जोडून आर्मेनियाला जाणारी मंडळी हमखास ‘एका दिवसात सगळं’ असं पॅकेज शोधतात. नकाशा पाहा. गार्नीचं मंदिर आणि गेघार्दचा मठ राजधानी येरेवानच्या पूर्वेला, सेवान सरोवर ईशान्येला, तर खोर विराप आणि नोरावांक हे मठ दक्षिणेच्या रस्त्यावर. एकटं नोरावांकच सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. हे सगळं एका दिवसात कोंबलं की मठ खिडकीतून दिसतात आणि पार्किंग तेवढं नीट पाहून होतं. एका दिवशी एकच दिशा धरा. अर्धाच दिवस असेल तर गार्नी-गेघार्द.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: गाइड इंग्रजी बोलणारा आहे की फक्त ड्रायव्हर येणार, तिकीट आणि जेवण धरलं आहे का, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार. गेघार्दला अर्ध्या तासात उरकणारी सहल घेऊच नका.

गार्नीला गेल्यावर ‘हे तर नवीनच बांधलंय’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या शतकातलं, सूर्यदेव मिह्र याचं मानलं जाणारं हे मंदिर १६७९च्या भूकंपात कोसळलं आणि १९६९ ते १९७५ या काळात मूळचेच दगड जुळवून पुन्हा उभं केलं गेलं. जिथे मूळ दगड सापडले नाहीत तिथे मुद्दाम कोरे, नक्षी नसलेले दगड बसवले, म्हणजे जुनं-नवं ओळखता यावं. हे ठाऊक असेल तर तिथला अर्धा तास कोडं सोडवण्यात मजेत जातो. माझ्या मते जीर्णोद्धार असाच प्रामाणिक असावा. खांब बेसॉल्टचे आहेत; सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो काळा दगड ओळखीचा वाटतो. शेजारीच मोझेकची फरशी असलेलं रोमन पद्धतीचं स्नानगृह आहे, ते पाहायचं राहून जातं. खालच्या दरीत आझात नदीकाठचे षटकोनी दगडी खांब पाहायचे असतील तर ते बहुधा सहलीत धरलेले नसतात. आधीच विचारून घ्या.

गेघार्दला लोक मुख्य चर्च पाहतात, मेणबत्ती लावतात आणि गाडीत येऊन बसतात. हे चर्च १२१५चं. पण खरी करामत बाजूच्या कड्यात आहे, जिथे अख्खी दालनं खडकात कोरली आहेत. एका दालनात झरा वाहतो. प्रोश्यान या सरदार घराण्याच्या समाधीवर साखळीने बांधलेले सिंह आणि पंजात कोकरू धरलेला गरुड आहे. वरचं, १२८८चं दालन मात्र हमखास चुकतं, कारण तिथे जाणारा जिना चर्चमधून नाही, बाहेरून आहे. तिथे कोणी गात असेल तर बोलणं थांबवा; आवाज दगडात बराच वेळ घुमत राहतो. येशूला टोचला असं मानल्या जाणाऱ्या ज्या भाल्यावरून मठाला नाव पडलं तो इथे शोधू नका, तो आता आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ असलेल्या एच्मियाद्झिनच्या संग्रहालयात आहे.

चर्चमध्ये चपला काढायची सवय इथे आवरा, बूट घालूनच आत जातात. पुरुषांनी टोपी काढावी, बायकांनी जवळ ओढणी ठेवावी. बाहेर पडताना स्थानिक लोक वेदीकडे पाठ न करता मागे सरकत निघतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नका. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा सेल्फी नको.

दक्षिणेची सहल असेल तर खोर विराप सकाळीच हवं. अरारात पर्वत तिथून नैऋत्येला आहे, म्हणून सकाळचा उजेड थेट त्याच्या अंगावर पडतो. दुपारी तो धुरकट होतो आणि सूर्यही समोर येतो. पर्वत तुर्कस्तानात असल्याने तिथून पुढे जाता येत नाही. सीमेलगत फोन पलीकडचं नेटवर्क पकडू शकतो, रोमिंग बंद ठेवा. आर्मेनियाला ख्रिस्ती करणाऱ्या संत ग्रेगरींना जिथे तेरा वर्षं कोंडलं होतं असं सांगतात त्या विहिरीसारख्या खड्ड्यात उभ्या लोखंडी शिडीने उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर वरूनच पाहा. नोरावांकच्या दर्शनी भिंतीवरच्या अरुंद पायऱ्याही अशाच. चढणं सोपं, उतरताना पाय लटपटतात. पावसात तर नकोच. तिथले लाल कडे दुपारनंतर खुलतात, त्यामुळे हाच क्रम बरा.

शाकाहारी असाल तर ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, सूप मांसाच्या पाण्यातलं असू शकतं. रशियन बहुतेक ठिकाणी समजते. ‘बेझ म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय. लवाश ही पातळ रोटी आणि चीज, पालेभाज्या भरलेली झिंग्यालोव हात्स ही रोटी, दही-गव्हाचं स्पास मागा. मठाबाहेर टांगलेल्या तपकिरी माळा मांसाच्या नसतात, द्राक्षरसात बुडवलेले अक्रोड असतात. तिथल्या विक्रेत्यांसाठी सुटे द्राम (तिथलं चलन) जवळ ठेवा, कार्ड प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही.