माळ्यावरचा व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला कसा जोडावा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत करड्या रंगाचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, प्लास्टिकची बंदूक आणि पाच-सहा कॅसेट. एकीवर '९९९९ इन १' छापलेलं. खरे खेळ वीसेक असतील, बाकी नावं बदलून तेच. भाच्याने वायरीची पिवळी पिन हातात धरून टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि विचारलं, "मामा, ही घालायची कुठे?" टीव्हीला तसं भोकच नव्हतं.

मी तडक बाजारात गेलो आणि चुकीची डबी घेऊन आलो. तुमची चक्कर वाया जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

टीव्हीच्या आधी ॲडाप्टर

जुना ॲडाप्टर हरवलेला असतो. मग घरातल्या राऊटरचा त्या भोकात बसतो म्हणून लावला जातो. तो सहसा १२ व्होल्टचा असतो, आणि या गेमना कमी लागतात. शिवाय धन-ऋणाचा घोळ असतो. गेमच्या मागे किंवा तळाशी एक छोटी आकृती छापलेली असते: मधे ठिपका, भोवती अर्धगोल, दोन्ही बाजूंना अधिक-उणे. ठिपक्याला जोडलेलं चिन्ह म्हणजे पिनीच्या आतल्या भागाचं. व्होल्ट आणि हे चिन्ह, दोन्ही ॲडाप्टरवरच्या छापाशी जुळलं तरच बटण दाबायचं. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला आत ऋण लागतं आणि दुसऱ्याला आत धन, म्हणजे एकाच नावाच्या यंत्रातही फरक.

कोणी अमेरिकेतून आणलेलं यंत्र असेल तर त्याचा ॲडाप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात तो थेट लावला की धूर. मधे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच.

आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली आहे, पण तोंडातली वाफ आतल्या पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग कान कोरायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, सुकू द्या.

मग टीव्हीची पाठ

खरेदी अजून नाही. आधी टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे बघा. जुन्या पिनींसाठी तीन शक्यता असतात.

पिवळं-लाल-पांढरं भोक दिसलं तर प्रश्नच मिटला, रंगाला रंग लावा. गेमला आवाजाची एकच पिन असेल तर ती पांढऱ्यात. आवाज एकाच बाजूने आला तर एकाचे दोन करणारा जोड मिळतो.

पिवळं नाही, पण हिरवं-निळं-लाल आणि आवाजाची दोन भोकं आहेत? तर हिरव्याभोवती नीट बघा. पुष्कळ टीव्हींना हिरवंच पिवळ्याचंही काम करतं, कडेला 'व्हिडिओ' लिहिलेलं असतं. पिवळी पिन तिथे लावून सोर्समध्ये 'एव्ही' निवडा. चुकून 'कंपोनंट' (म्हणजे हिरव्या-निळ्या-लाल तिन्ही पिनींचा सोर्स) निवडलं तर चित्र कृष्णधवल येतं आणि माणूस गेम बिघडला म्हणून ठेवून देतो.

तिसरी शक्यता फसवी. इयरफोनच्या भोकासारखं एक बारीक भोक असतं आणि त्यावर 'एव्ही इन' लिहिलेलं असतं. त्यात जाणारी, एका टोकाला काळी पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत भोकं असलेली वीतभर वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते. आमची खोक्याबरोबर रद्दीत गेली होती.

बाजारातली तशीच दिसणारी वायर आणली तरी चालेलच असं नाही. त्या काळ्या पिनीवर चार पट्ट्या असतात आणि कोणती कशासाठी हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून टीव्हीचा आवाज बारीक करा आणि गेमची पिवळी पिन आळीपाळीने तिन्ही रंगांत लावून बघा. आमच्याकडे पिवळ्यात घातल्यावर स्पीकरमधून घर्रर्र आवाज आला, लालमध्ये घातल्यावर मारिओ उभा राहिला. रंग चुकल्याने काही जळत नाही. तिन्हींत काहीच आलं नाही, तर त्या वायरीची अर्थिंगची पट्टी वेगळ्या जागी आहे. तुमच्या टीव्हीच्या कंपनीचीच वायर मागवा.

फक्त एचडीएमआय असेल तर

तर जुन्या पिनींचं चित्र एचडीएमआयमध्ये बदलणारी ती डबी लागते. नीट वाचून घ्या: 'एव्ही टू एचडीएमआय'. शेजारीच अगदी तशीच, त्याच रंगाची 'एचडीएमआय टू एव्ही' असते, ती उलट्या कामाची. मी तीच आणली होती. डबीवर पिवळ्या-लाल-पांढऱ्याच्या बाजूला 'इन' आणि एचडीएमआयच्या बाजूला 'आउट' असलं की बरोबर.

डबीला मोबाइलच्या चार्जरने वीज द्या. टीव्हीच्या यूएसबीवर काही डब्या चालतात, काही मधेच मान टाकतात. ७२० आणि १०८० असं बटण असतं, आधी १०८० वर ठेवा, चित्र तुटलं तर खाली या.

काही गेमना पिवळी पिनही नसते, फक्त अँटेनाची वायर. ती टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावून मेनूमधलं ॲनालॉग ट्यूनिंग चालवा. मुंग्यांमधून चित्र वर आलं की तो चॅनेल सेव्ह करा. नव्या टीव्हीत ॲनालॉगचा पर्यायच नसेल आणि घरात बंद पडलेला व्हीसीआर असेल तर टाकू नका. त्याचा कॅसेट ओढणारा भाग मेला असला तरी ट्यूनर सहसा शाबूत असतो. अँटेनाची वायर व्हीसीआरमध्ये, चॅनेल त्याच्यावर लावायचा, आणि त्याच्या पिवळ्या पिनीतून चित्र पुढे.

चित्र आलं, पण तसं नाही

खरं काम इथून सुरू होतं. मारिओ ढेरपोट्या दिसतो, कारण ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलंय. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. चित्र कृष्णधवल असेल तर 'कलर सिस्टिम' ऑटोवरून काढून पाल (आपल्याकडची रंगीत चित्राची पद्धत) आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची) दोन्ही करून बघा.

दुसरी तक्रार: उडी उशिरा लागते. नवा टीव्ही आलेलं चित्र दाखवण्याआधी धुतो, पुसतो, इस्त्री करतो, आणि त्यात वेळ जातो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे एकाला २० मिलिसेकंद. टीव्हीने अशी चार-पाच चित्रं अडवून धरली की बटण दाबेपर्यंत मारिओ खड्ड्यात. उपाय 'गेम मोड'. तो सहसा त्या-त्या सोर्सपुरताच लागू होतो, म्हणून गेम चालू असताना लावा. नॉइज रिडक्शन वगैरे सगळं बंद.

तिसरी तक्रार विचित्र असते. मार बसल्यावर खेळाडू लुकलुकायचा, आठवतं? नव्या टीव्हीवर तो कधी साफ गायब होतो, कधी कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो. जुन्या टीव्हीवर कार्यक्रमाचं चित्र दोन हप्त्यांत यायचं, आधी विषम ओळी, मग सम. गेमवाल्यांनी युक्ती केली. प्रत्येक वेळी त्याच ओळींवर नवं चित्र काढायचं, मधल्या ओळी काळ्याच सोडायच्या. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचं चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं, आणि आपल्याकडचे कॅसेटवाले गेम बहुतांशी त्याचीच नक्कल. नव्या टीव्हीला ही युक्ती ठाऊक नसते. तो लागोपाठची दोन चित्रं एकाच चित्राचे दोन हप्ते समजून शिवून टाकतो. एकात खेळाडू आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून ते दाते.

स्वस्त डबीही हीच चूक करते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंक नावाची यंत्रं करत नाहीत, ती ओळी ओळखून नीट दुप्पट करतात आणि वेळही जवळजवळ खात नाहीत. पण ती हजारोंच्या घरात जातात. अस्सल जपानी यंत्रं जमवणाऱ्याने जरूर घ्यावीत. आपल्या '९९९९ इन १' मधून मुळात चित्रच गढूळ येतं, त्याला गंगाजळाचा फिल्टर कशाला?

प्लेस्टेशन २ असेल तर

इथे मात्र थोडा खर्च करा, फरक लगेच दिसतो. पिवळी वायर सोडून पाच पिनींची कंपोनंट वायर घ्या. प्लेस्टेशन ३ चीही चालते. त्यात लाल पिना दोन असतात, एक चित्राची, एक आवाजाची. पांढरीच्या जोडीने चिकटलेली लाल ती आवाजाची.

वायर बदलण्याआधी, जुन्या वायरीवरच, डिस्क न घालता यंत्र चालू करा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवरून 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर' वर आणा. हे विसरलं की चित्राचे रंग पार बिघडतात. टीव्हीला कंपोनंट नसेल तर मागे खोचायची बोटभर एचडीएमआय पिन मिळते, तिलाही हीच सेटिंग लागते. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी घातल्यावर 'नो सिग्नल' आलं तर घाबरू नका, ते २४० ओळींचं चित्र काही टीव्ही कंपोनंटवर घेत नाहीत. त्या सीडींसाठी जुनी पिवळी वायर जपून ठेवा.

राहिली बंदूक

भाच्याने सगळ्यात आधी तीच उचलली होती. ती नव्या टीव्हीवर चालणार नाही, कुठल्याही वायरीने नाही. बदकं टिपायच्या 'डक हंट' खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला डोळा नेमका त्याच क्षणी उजेड शोधतो. जुन्या टीव्हीवर तो चौकोन त्या क्षणी पडद्यावर असायचा. नवा टीव्ही तो उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं आणि खेळातला कुत्रा हसत असतो.

"मग जुना टीव्ही काढ ना, मामा," भाचा म्हणाला. तो टीव्ही २०१४ साली भंगारवाला घेऊन गेला, स्टॅबिलायझरसकट.