लेबर कायदा आणि सेफ्टी : छोट्या कारखानदारांनो, या चुका टाळा

भोसरी असो, अंबड असो की बुटीबोरी, वीस-पंचवीस माणसांच्या शेडमध्ये गेलं की आधी चहा येतो आणि मग फाइल. "साहेब, सगळं अपटुडेट आहे." फाइल खरंच नीटनेटकी असते. मी मात्र ती बाजूला ठेवून आधी पॉवर प्रेसकडे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्राकडे जातो. दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात आणि कित्येकदा त्यातल्या एकावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलेलं असतं. म्हणजे एक हात डायमध्ये (साच्यात) जायला मोकळा!

ऑपरेटरवर ओरडून काही होत नाही. चिकटपट्टी लावूनही प्रेस चालतोय, याचा अर्थ वायरिंग स्वस्तातलं आहे. चांगल्या टू-हँड कंट्रोलमध्ये दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. एक दाबलेलंच राहिलं तर प्रेस हलतच नाही. हे तपासणारा सेफ्टी रिले बसवून घ्या. मग विचारा, की पट्टी लावायची वेळ का आली? बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं : पीस हाताने धरावा लागतो आणि टार्गेट गाठायचं असतं. पीस उचलायला चिमटा किंवा चुंबक द्या, फिक्स्चर (पीस धरून ठेवणारी चौकट) सुधारा, टार्गेट पुन्हा मोजा. बोटाची किंमत त्याहून कितीतरी जास्त आहे.

आता कागदांकडे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या आणि त्या दिवसापासून व्हॉट्सअॅपवरच्या कायदेपंडितांना ऊत आला. "आता चारच दिवसांचा आठवडा" हा त्यातला सगळ्यात लाडका मेसेज. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच आहे. दिवसाचे तास वाढवून चार दिवसांत ते बसवायची मुभा आहे, सक्ती नाही. "सगळ्यांचा हातातला पगार घटणार" हेही सरसकट खरं नाही. वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. पण पीएफ 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवरच कापत असाल तर त्या कपातीत फरक पडत नाही.

याच्या उलट एक गैरसमज आहे आणि तो जास्त महागात पडतो. सुरक्षा संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान 20 कामगार, हे वाचून बारा माणसांचा मालक खूश होतो, "आपण सुटलो!" कुठे सुटलात? दहा कामगार झाले की आस्थापना म्हणून सुरक्षा संहिता लागू होते. ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, दहालाच. किमान वेतन तर एका माणसालाही. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीही दहा माणसांपासून लागते आणि सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. भिंतीवरच्या यादीतल्या अध्यक्ष मॅडम नोकरी सोडून गेलेल्या असणं ही मला नेहमी दिसणारी गोष्ट. यादी बदला, एवढंच.

किमान वेतनाचा विशेष भत्ता महाराष्ट्रात 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून बदलतो. पगाराचं सॉफ्टवेअर जुन्याच आकड्यावर चालत राहतं आणि फरकाची थकबाकी गुपचूप साचते. या दोन तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. कामगार नोकरी सोडून गेला तर त्याचा हिशेब आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. "पुढच्या महिन्यात ये" हे बंद. नियुक्तिपत्रही प्रत्येकाला, हेल्परलासुद्धा.

ठेकेदाराबाबत लोक जितके निर्धास्त असतात तितके दुसऱ्या कशाबाबत नसतात. "त्याचं तो बघतो, पीएफ भरल्याचं चलन देतो दर महिन्याला." ते चलन नीट पाहिलंय? एकच चलन तीन कंपन्यांना दाखवणारे ठेकेदार मी पाहिलेत. चलनावर एकूण रक्कम असते, माणसांची नावं नसतात. नावं ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणपत्रात असतात. ईसीआर मागवा, गेटवरच्या हजेरीशी नावानिशी जुळवा आणि मगच बिल पास करा. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर वसुली मूळ मालकाकडे, म्हणजे तुमच्याकडेच येते.

नवा माणूस घेतला की "पंधरा दिवस बघू, टिकला तर ईएसआयसी काढू" ही तर पक्की सवय. अपघाताला या पंधरा दिवसांचं काय? नोंदणी अपघातानंतर झाली की तारखांवरून वाद सुरू होतो आणि मालकाची बाजू लंगडी पडते. ऑनलाइन विमा क्रमांक लगेच मिळतो. आधारकार्ड घेऊन गेटवरच काढा, मग आत सोडा.

आणि टाक्या. ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरणाची), पिकलिंगची (धातू आम्लात धुण्याची), सेप्टिक, कुठलीही बंद टाकी. "पाचच मिनिटांचं काम" म्हणून एक जण उतरतो, खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच राहतो. हायड्रोजन सल्फाइडला आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणून "वास गेला, आता उतरू" हा हिशेब जीवघेणा ठरतो. सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे सक्शन टँकरच बोलवा. बाकी टाक्यांत उतरणं टळतच नसेल तर आधी ब्लोअर लावा आणि गॅस मीटरने वरून, मधून आणि तळाशी मोजा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीही आत जायचं नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, त्याची दोरी वर ट्रायपॉडला आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस सतत उभा. त्या माणसाला एकच गोष्ट दहादा बजावून ठेवा : आतला पडला तरी तू उतरायचं नाहीस, दोरी ओढायची आणि हाक मारायची.