पोरगं अल्पवयीन आहे आणि पोलिसांनी नेलंय: सोलापुरातल्या आई-वडिलांसाठी

निरोप आला की घरचे हाताला लागतील तेवढे पैसे घेऊन ठाण्याकडे पळतात. पैसे राहू द्या, कपाटातली कागदांची पिशवी घ्या. घटना घडली त्या दिवशी मुलाला १८ पूर्ण झाली नव्हती, एवढं एक कागदावर आलं की पुढचा सगळा रस्ता बदलतो. मग मोठ्यांचं लॉकअप नाही, नेहमीचं कोर्ट नाही. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे अल्पवयीन मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळाकडे, जातं.

कोणता कागद चालतो, हे बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रमाने दिलंय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तरच महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तर मंडळाच्या आदेशाने हाडांची तपासणी, आणि ती १५ दिवसांत उरकायची असते. आधार कार्ड या क्रमात कुठेच नाही.

घोळ होतो तो इथेच. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली असते आणि महापालिकेच्या दाखल्यावर तारीख दुसरीच. शाळेचा दाखला असताना महापालिकेचा मागे पडतो, म्हणून तारखांत फरक असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. दुसरा घोळ पोरं स्वतः करतात. यंत्रमागावर किंवा हॉटेलात काम मिळावं म्हणून 'अठरा पूर्ण' म्हणायची सवय लागलेली असते. ठाण्यातही तोंडून तेच निघतं आणि कागदावर वय १९ पडतं. असं झालं तर वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही कोर्टात काढता येतो. पण तोवर मूल मोठ्या कैद्यांत राहिलेलं असतं.

ठाण्यात गेल्यावर बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असावा लागतो. साध्या कागदावर अर्ज लिहा: मुलाचं नाव, जन्मतारीख, किती वाजता आणि कुठून नेलं. दाखल्याची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत हातातून सोडू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. २४ तासांचा हिशेब पुढे त्या पोचेवरूनच दाखवता येतो. तेवढ्या वेळात, प्रवासाचा वेळ वगळून, मुलाला मंडळापुढे उभं करावंच लागतं. रविवार असला, मंडळ बसलेलं नसलं, तर एकट्या सदस्यापुढेही नेता येतं.

बेडी घालता येत नाही, कबुली देण्यासाठी दबाव आणता येत नाही, जबाबावर मुलाची सही घेता येत नाही. मुलाला हे शांतपणे समजावा. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलणारं मूल असेल तर त्याच्याच भाषेत समजावा. घाबरलेलं पोर मराठी प्रश्नाला नुसतंच 'हो' म्हणून जातं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

जामीन हा इथे नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला वा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हुकेल, अशी कारणं असली तरच मंडळ नाकारतं आणि ती लेखी नोंदवावी लागतात. म्हणून मंडळापुढे नुसतं रडू नका. मूल कुणाच्या घरी राहील, शाळेत कधी जाईल, संध्याकाळी त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल, हे नेमकं सांगा. परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देणारे, घरी येतील तेव्हा दारू, मारहाण, शाळा अर्धवट सुटल्याचं काही लपवू नका. मुलाला कोणती मदत द्यायची, हे ते त्यावरूनच सुचवतात.

समज, समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेख, जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृह, इतकंच मंडळ करू शकतं. किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असलेला गुन्हा आणि मूल १६ च्या वर असेल, तर मात्र मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचं प्राथमिक मूल्यांकन ३ महिन्यांत होतं आणि प्रकरण मंडळाकडून बाल न्यायालयात जाऊ शकतं. तिथे अनुभवी वकील लागतोच. तरीही फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

आता मोठ्या माणसांबद्दल. सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याच्या गर्दीत होम मैदानावर १४ वर्षांचं पोर मोबाईल उचलताना सापडतं, आणि तो मोबाईल ज्याच्या हाती जाणार होता तो माणूस कुठल्याच कागदावर येत नाही, कारण भीतीपोटी घरचे त्याचं नाव घेत नाहीत. नाव घ्या. मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये किमान ३, कमाल १० वर्षं आहेत. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

गाडीची किल्ली देणारा बापही यात येतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. 'मला माहीतच नव्हतं' हे सिद्ध बापाने करायचं असतं.

मुलाचं नाव, फोटो, शाळा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. असा मेसेज आला तर स्क्रीनशॉट काढून मंडळापुढे द्या. प्रकरण संपल्यावर त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार नोंदी नष्ट करण्याचा आदेश झाला का, हे वकिलाकडून तपासून घ्या. बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरवलेलं मूल वगळता बाकी कुणालाही हा डाग पुढे नोकरीत आडवा येऊ द्यायचा नाही, असं त्या कलमात लिहिलंय.